रेडिओचा चौथा कान

मागच्या नोंदीत साच्यापर्यंत आलो होतो, तिथून पुढं. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: आमच्या व्हॉल्वच्या रेडिओला चार नॉब, आई त्यांना रेडिओचे कान म्हणते. एक कान कधी हरवला कुणाला आठवत नाही, आणि कित्येक वर्षं तो दांडा पकडीनं फिरवला जातोय. उरलेल्यांपैकी एकावरून सिलिकॉनचा साचा काढलाय. त्यात गडद तपकिरी रंग घातलेलं एपॉक्सी (रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घट्ट होणारं प्लॅस्टिक) ओतून चौथा कान पाडायचा. व्यास ३५ मिलिमीटर, वर सपाट चकती, कडेला २४ खाचा. चकतीचं काही नाही, जीव काढला तो खाचांनी.

पहिलं ओतकाम वाया गेलं. जुलै महिना, चार दिवस सलग पाऊस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालेली, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले. अशा हवेत मी रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी साच्याच्या उघड्या बाजूला मेणचट, तेलकट थर. मला वाटलं माप चुकलं. माप बरोबर होतं. हार्डनरमधल्या अमाइन नावाच्या रसायनाला हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड भेटला की हा थर येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि घासणी एवढ्यावर निघून जातो. मी न धुताच घासायचा पेपर मारला. दोन मिनिटांत पेपर तुपकट होऊन बसला आणि तो चिकटा सगळ्या अंगाला फासला गेला.

तरी कसाबसा घासून तोच नग घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पितळी भागांना बफ मारतात, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवतात. मशीन २८०० आरपीएमचं, सुती बफ, त्याला लावायचं साबणाच्या वडीसारखं पॉलिशचं कंपाउंड. बफवाले मामा जेवायला गेले होते, म्हटलं आपणच मारू. तीन सेकंद टेकवला असेल. कडा खाली बसली, खाचा लोण्यासारख्या फासल्या गेल्या. मामा आले, नॉब हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "प्लॅस्टिकला पितळंचा हात लावलास व्हय?" एवढंच. घरगुती एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि बफखाली तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही. पितळ ती सोसतं, कारण उष्णता त्यात पटकन पसरून जाते. रेझिनमध्ये ती जिथल्या तिथं साठते.

दुसरा नग पाऊस उघडल्यावर ओतला. १४ ग्रॅम रेझिन, ७ ग्रॅम हार्डनर, कारण माझ्या बाटलीवर वजनानं २:१ लिहिलंय. चोवीस तासांत साच्यातून सुटला, नखाची खूण उमटेना, तरी सात दिवस कपाटात ठेवला. हे सात दिवस सगळ्यात अवघड गेले.

मग ४०० नंबरचा वॉटर पेपर. बादलीत पाणी, पाण्यात साबणाचा थेंब, पेपर काचेच्या तुकड्यावर पसरलेला आणि चकती त्यावर आठाच्या आकड्यात फिरवायची. ओलं घासायचं म्हणजे धूळ उडत नाही, पेपरही भरत नाही. हातमोजे मात्र घालाच. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा धरली की सहसा सोडत नाही. ४०० ला मला चाळीस मिनिटं लागली, पुढच्या प्रत्येक नंबरला दहाच्या आत. आधी मी उलटं करायचो, ४०० उरकायचो आणि चमक कंपाउंडकडून मागायचो. पण ४०० चा दाणा साधारण ३५ मायक्रॉन, १००० चा १८, २००० चा १०. पस्तीसचा एक ओरखडा मागं राहिला तर कंपाउंड त्याच्या फक्त कडा गोल करतं, ओरखडा तसाच. म्हणून नंबर बदलला की दिशा बदलायची, आधीच्याला आडवी. आडव्या रेघांत जुनी उभी रेघ दिसली की मागं फिरायचं. आणि बघायचं ते कोरडं करून, कारण ओल्या नगावर सगळंच चकचकीत दिसतं. गडद रंगात तर वाळल्यावर पांढरी झाक उठून दिसते. दोन नंबरांच्या मध्ये नग, हात, काच सगळं धुवायचं. आदल्या पेपरचा एक दाणा पुढं आला तर १५०० ला रेघ पडते. माझी पडली.

६०० ला एक बुडबुडा उघडा पडला. टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यात त्याच रंगाच्या रेझिनचा थेंब सोडला. पुन्हा थांबणं.

खाचांसाठी अगरबत्तीच्या काड्या. जळून उरलेल्या काडीला पेपरची बारीक पट्टी चिकटवायची. २४ खाचा, ६०० पासून २००० पर्यंत चार नंबर, पट्ट्या किती गेल्या मोजलं नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी आईच्या परकराची जुनी नाडी कामाला आली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, नाडीला गाडीचं रबिंग कंपाउंड लावलं आणि नॉब तिच्यावर मागंपुढं, एकेका खाचेतून. ड्रिलला लावून गरगर फिरवायचा मोह झाला होता, पण त्यानं गोल रेघा पडतात आणि उजेडात त्याच आधी दिसतात.

चकतीला ३००० नंतर कंपाउंड, मग बारीक पॉलिश, जुन्या बनियनच्या तुकड्यानं, हातानंच. ट्यूबलाइट त्यात सरळ दिसली, कडेपर्यंत न थरथरता.

बसवला. आई लांबूनच म्हणाली, "ह्यो एकटाच नवरदेवागत नटलाय की रं!"

खरंच. बाजूचे तिघं आता राखेनं माखल्यासारखे दिसतात. नव्याला २००० मारून मंद करावं, तर हात उचलेना. जुन्यांना गरम पाण्याखाली चोळून वास घेतला, फिनॉलसारखा आला, म्हणजे बॅकेलाइट, जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक. त्यांना पेपर लावायचा नाही, कारण वरची रेझिनची कातडी गेली की खालचा लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि मग चमक परत येत नाही. त्यामुळं पेपर बंद, नुसतं बारीक पॉलिश आणि बनियन. एक काढून ठेवलाय. दुसऱ्याचा स्क्रू गंजलाय, त्याला तेल सोडलंय. रविवारपर्यंत बघू.