स्टॉकर पातळीवरचे माझे पन्नास दिवस

‘द लाँग डार्क’ या व्हिडिओ गेममधली माझी पहिली खेळी एकोणिसाव्या दिवशी संपली. गोठलेल्या तळ्यावर हिमवादळात मी दिशा हरवून बसले होते, आणि तळ्याकाठच्या ज्या कॅम्प ऑफिस नावाच्या घराकडे निघाले होते ते तिथून फार दूरही नव्हते. अंगावर बरे कपडे होते, पाठीवरच्या पिशवीत शिजवलेले हरणाचे मांस होते, पाणी होते. चुकली होती ती फक्त निघण्याची वेळ. या खेळाच्या सर्व्हायव्हल प्रकारात मृत्यू आला की ती खेळी कायमची पुसली जाते आणि पुन्हा रिकाम्या हातांनी सुरुवात करावी लागते. त्या रात्री मला खरोखर वाईट वाटले, आणि दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले.

कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने हा खेळ २०१४ मध्ये अपूर्ण रूपात आणि २०१७ मध्ये पूर्ण रूपात बाजारात आणला. ग्रेट बेअर नावाच्या काल्पनिक बेटावर भूचुंबकीय वादळाने वीज आणि यंत्रे बंद पाडली आहेत, आणि तिथे अडकलेल्या माणसाला ऊब, विश्रांती, पाणी आणि अन्न या चार गरजा भागवत जगायचे आहे. भुते नाहीत, राक्षस नाहीत. लांडगे आहेत, अस्वले आहेत आणि हवामान आहे. मी स्टॉकर ही पातळी निवडली होती, जिच्यात सामान कमी सापडते आणि लांडगे भरपूर असतात. पन्नास दिवस जगायचे, एवढेच ठरवले होते.

पुण्यात वाढलेल्या माणसाला थंडीची भीती अंगात मुरलेली नसते. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० अंशांवर उतरला की आपण खिडकी लावतो, आजीची गोधडी ओढून घेतो आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे पडद्यावर उणे अंश दिसत असतानाही मी भुकेचीच जास्त काळजी करत होते. वहीत पहिल्या खेळीचा हिशेब मांडल्यावर लक्षात आले की या खेळात भूक सर्वांत सावकाश मारते, तहान त्याहून लवकर आणि थंडी सर्वांत झपाट्याने. हवेचे तापमान, वारा आणि कपड्यांची ऊब यांची बेरीज-वजाबाकी होऊन जो ‘जाणवणारा’ आकडा येतो, तो शून्याच्या खाली गेला की अंगातली ऊब ओसरू लागते. शून्याच्या वर असेल, तर उघड्या माळावरही दिवसभर निवांत फिरता येते. दुसऱ्या खेळीत घराबाहेर पाऊल टाकताना मी प्रथम तोच आकडा पाहायचे.

आगीचा धडा मात्र मला दादाने दिला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. गेली कित्येक वर्षे सह्याद्रीतले गड पालथे घालतो. एका रविवारी तो घरी आला असता मी खडकाशेजारी आग पेटवण्याची धडपड करत होते, आणि वारा फिरला की ती विझत होती. तो मागे उभा राहून पाहत होता. म्हणाला, “अगं, वारा कुठून येतोय ते आधी बघ. राजगडावर पद्मावती माचीवर चूल मांडताना आम्ही काडी नंतर काढतो, दगड आधी लावतो.”

“दादा, इथे दगड हलवता येत नाहीत,” मी म्हणाले.

“मग तू हल ना. खडकाच्या त्या अंगाला जा.”

मी गेले, आणि आग टिकली. तेव्हापासून पडणाऱ्या बर्फाची तिरपी रेघ पाहून वारा ओळखण्याची सवय लागली. काडेपेटीतली प्रत्येक काडी मोजून वापरायची असते, म्हणून ही सवय लाखमोलाची ठरली.

खरी कसोटी बाराव्या दिवशी लागली. ट्रॅपरच्या, म्हणजे सापळे लावणाऱ्या शिकाऱ्याच्या, झोपडीत वाळत टाकलेली कातडी आणायला मी सकाळी कॅम्प ऑफिसमधून निघाले. तळ्याच्या मध्यावर आले तेव्हा पलीकडची झाडे धूसर झाली आणि वाऱ्याचा आवाज बदलला. आधी तो अडखळत येत होता, आता सलग येऊ लागला. पहिल्या खेळीत याच क्षणी मी झपाझप पुढे चालत राहिले होते. या वेळी मी वळले आणि तळ्यावरच्या मासेमारीच्या लाकडी खोपटात शिरले. तिथे एक छोटी लोखंडी शेगडी असते. माझ्याजवळ सात काड्या, देवदाराची दोन लाकडे, थोड्या वाळक्या फांद्या आणि गुहेतून आणलेले कोळशाचे तीन तुकडे होते. कोळसा थेट पेटत नाही. आग चांगली रसरसल्यावरच तो घालता येतो. म्हणून आधी फांद्या, मग लाकूड आणि शेवटी कोळसा असा क्रम धरला. शेगडीवर बर्फ वितळवले, ते पाणी उकळले आणि मग वळकटी पसरून एकेक तास झोपत, दर वेळी उठून विस्तव पाहत रात्र काढली. दुसऱ्या दिवशीही वादळ ओसरले नाही, तेव्हा खोपटातली लाकडी पेटी मोडून जाळली. जीव निम्म्याहून खाली आला होता, तरी तिसऱ्या पहाटे वारा पडला आणि समोर तळे लख्ख दिसू लागले. तो नितळ, निळसर प्रकाश मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले.

नंतरचे आठवडे त्या मानाने सरळ गेले. बंद घरात फार दिवस बसले तर पात्राला कोंडल्याचा आजार जडतो आणि मग आत झोपताच येत नाही. म्हणून थोडे दिवस गुहेत, थोडे खोपटात असे बिऱ्हाड फिरते ठेवले. लांडग्याच्या चाव्यावर झाडांना लोंबणारी दाढीसारखी वनस्पती बांधतात. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतली ती, हे कळल्यावर मला त्या जंगलाबद्दल आपुलकी वाटू लागली. कच्चे मांस जवळ असले की लांडगे वासावर येतात, हे समजल्यावर मांस मी शिकारीच्या जागेजवळच शिजवू लागले.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास सरपण आणि हरणे दोन्ही विरळ झाली, तेव्हा रेल्वेमार्गाने घळ ओलांडून कोस्टल हायवे या किनाऱ्यालगतच्या भागाकडे जायचे ठरवले. तीन दिवस नुसती तयारी केली: हरणाच्या कातडीचे बूट शिवले, सशाच्या कातडीचे हातमोजे केले, पाणी उकळून ठेवले आणि पाठीवरचे ओझे तीस किलोंच्या आत आणले. दोन दिवस सकाळी दार उघडून आकाश पाहिले आणि परत लावले. तिसऱ्या दिवशी निघाले. किनाऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या गोलाकार छपराखाली पोहोचेपर्यंत दोन लांडगे वाटेत आले. पहिल्यासमोर मांसाचा तुकडा टाकून सुटले, दुसऱ्याला पेटत्या मशालीने दूर ठेवले.

पन्नासावा दिवस उजाडला तेव्हा बाहेर पुन्हा हिमवादळ होते. काड्या चार उरल्या होत्या, कोळसा भरपूर होता. मी दार उघडून वाऱ्याचा आवाज ऐकला, दार लावले आणि शेगडीवर पाणी ठेवले.