कांदा बियाण्याचे नॅनो-प्रायमिंग : द्राव नितळ झाला, पण कण उरले नाहीत

नॅनो-प्रायमिंग म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्यात पेरणीपूर्वी बी भिजवणे. मी त्यासाठी झिंक ऑक्साइडची (जस्ताच्या ऑक्साइडची) नॅनो-पूड वापरतो. ती पाण्यात पसरून न राहता तिचा साका तळाशी बसतो, हा मागील नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न होता. त्याला आता वेगळेच वळण लागले आहे. एका मित्राच्या सूचनेवरून 100 पीपीएमच्या (लिटरमागे 100 मिलिग्रॅम) मिश्रणात थोडे सायट्रिक आम्ल घातले आणि दुधाळ पाणी ढवळता ढवळता नितळ झाले. गुठळ्या फुटून कण पाण्यात सारखे पसरले, असे पाहणाऱ्या कोणालाही वाटावे. खात्रीसाठी अंधाऱ्या खोलीत चंचुपात्रातून लेझरचा किरण सोडला. दुधाळ मिश्रणात किरणाची वाट ठळक उमटत होती. नितळ द्रावात ती दिसलीच नाही. कण पसरले नव्हते, विरघळले होते. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते आणि सायट्रेट जस्ताचे आयन धरून ठेवते, त्यामुळे पात्रात उरले ते जस्ताचे साधे द्रावण.

साका बसण्याचे मूळ कारण पाण्यातच आहे, असे आता माझे ठाम मत झाले आहे. झिंक ऑक्साइडच्या कणांवरील विद्युतभार सामू (pH) 9च्या आसपास शून्यावर येतो. आमच्या विहिरीचे पाणी जड असून त्याचा सामू 8च्या वर असतो, म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा भार तिथे फारसा उरत नाही आणि विरघळलेले क्षार गुठळ्या होण्यास हातभार लावतात. ऊर्ध्वपातित पाण्यात हेच मिश्रण बराच अधिक वेळ टिकते. दागिने धुण्याचे छोटे अल्ट्रासोनिक यंत्र मोठ्या गुठळ्या फोडते, पण बारीक गुठळ्यांपुढे त्याची शक्ती अपुरी पडते. केवळ या कामासाठी ते विकत घेण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

या टप्प्यावर समाधान देणारी गोष्ट म्हणजे मत्स्यालयातील हवेचा पंप. भीमा शक्ती या कांद्याच्या वाणाचे बी मलमलच्या सैल पुरचुंडीत बांधून बुडबुड्यांमध्ये टांगले, तर मिश्रण हलते राहते आणि बियांना प्राणवायूही मिळतो. पूर्वी सावलीत सुकवलेल्या काळ्या बियांच्या सुरकुत्यांत पांढरी पूड ठिपक्याठिपक्यांनी अडकलेली दिसे, ती आता भिंगाखाली पातळ आणि सारख्या थरात दिसते. टीपकागदावर सहाव्या दिवसाच्या पहिल्या मोजणीत आकडीसारखे वाकलेले कोंबही अधिक एकसारखे आले. बाराव्या दिवसाची अंतिम उगवण मात्र नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियांइतकीच भरली. म्हणून कोरड्या बियांशी तुलना करून नॅनोकणांचे गुण गाणाऱ्या प्रयोगांवर माझा विश्वास बसत नाही. भिजवण्याचा लाभ आधी वजा केलाच पाहिजे.

सायट्रिक आम्लाच्या प्रकाराने त्याहून कठीण प्रश्न पुढे ठेवला आहे. परिणाम कणांचा, की त्यांतून सुटणाऱ्या जस्ताचा? भुईमुगावरील 2012 सालच्या भारतीय अभ्यासात सुमारे 25 नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडची तुलना झिंक सल्फेटशी केली होती. 1000 पीपीएमला उगवण आणि जोम सुधारला, तर 2000 पीपीएमला तोच पदार्थ घातक ठरला. घरच्या प्रयोगातही ही तुलना हवीच. 100 मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडमध्ये सुमारे 80 मिलिग्रॅम जस्त असते, तेवढ्यासाठी सात रेणू पाणी असलेले शुद्ध झिंक सल्फेट सुमारे 353 मिलिग्रॅम लागेल. शेती दुकानातील सल्फेट मी वापरणार नाही, कारण त्यातील इतर घटकांचा हिशेब लागत नाही. नॅनो-पुडीच्या बाबतीतही पाकिटावरील आकार प्रमाण मानू नये. कणांचे सूक्ष्मदर्शक छायाचित्र मागताच उत्तर देणे बंद करणाऱ्या विक्रेत्याकडून मी पुन्हा खरेदी करणार नाही.

त्यामुळे पुढच्या फेरीत कोरडे बी, नुसते पाणी, झिंक सल्फेट आणि झिंक ऑक्साइड असे चार गट ठेवायचे ठरवले होते. हे लिहिताना मात्र बाभळीच्या डिंकाचा विचार सुचला. डिंकाच्या लांब साखळ्या कणांभोवती बसून त्यांना चिकटू देत नाहीत आणि आम्लाप्रमाणे कण विरघळवून टाकण्याची भीतीही कमी. म्हणून डिंक घातलेल्या झिंक ऑक्साइडचा पाचवा गट. पण डिंकाने बियांवर थर बसेल, म्हणून केवळ डिंकाच्या पाण्याचा गटही वेगळा हवा. एकूण सहा गट, प्रत्येकी शंभर बियांच्या चार पुनरावृत्ती. एवढे टीपकागद हाती नाहीत, तेव्हा कोरड्या बियांच्या पुनरावृत्ती कमी करीन, पाण्याच्या नाही. बी मुद्दाम गेल्या वर्षीचे घेणार आहे, कारण कांद्याची उगवणशक्ती साध्या साठवणीत वर्षभरात झपाट्याने घटते आणि प्रमाणित बियाण्यासाठी लागणाऱ्या 70 टक्क्यांच्या खाली उतरलेल्या बियांतच सुधारणेला खरा वाव असतो.