पेपरवेटही दूध प्याला

आमची बॅच १९९६ ची. दहावीचं वर्ष म्हटलं की इतरांना बोर्डाचा पेपर आठवतो, मला २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार. गणपती विसर्जन होऊन पितृपक्ष लागलेला, आणि एसटीडी बूथवर कुणाच्या तरी पाहुण्याचा फोन आला : गणपती दूध पितोय! दुपारपर्यंत देशभर हेच चाललं होतं. आपल्या गावात रांग देवळापासून स्टँडपर्यंत गेली आणि मधल्या सुट्टीनंतर वर्ग निम्मा ओस पडला. रांगेत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी ऑफिसातला काचेचा पेपरवेट ओला करून त्याला दुधाचा चमचा टेकवला. पेपरवेटही दूध प्याला! मग दुधात लाल शाई घालून तेच केलं, तेव्हा काचेवरून खाली उतरणारा बारीक ओघळ सगळ्यांना दिसला. पृष्ठताण. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, माझी आजी दोन तास उन्हात उभी होती. ती खुळी का?"

सर गप्प झाले, पण मराठीच्या बाईंनी तो प्रश्न सोडला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभागृहात सतरंज्या टाकल्या. पालक आले, गुरव आले, त्या आजीही आल्या. बाईंची अट एकच : आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं आणि त्याने "बरोबर" म्हटलं, तरच आपला मुद्दा. गुरव म्हणत होते, "चमत्काराचं मला ठाऊक नाही, पण एरवी पायरी न चढणारी माणसं परवा देवळात आली." सर दर खेपेला त्याचं "लोक फसले" करून टाकायचे आणि गुरव मान हलवायचे. पृष्ठताण सांगताना गुरवांचीही तीच गत. आजींनी मात्र एका दमात उरकलं : "मास्तर म्हणत्यात, दूध दगडावरनं खाली गेलं. जाईना का! देवाच्या पायाशीच गेलं न्हवं?"

"बरोबर" म्हणताना सरांना हसू आवरेना.

पुढे अशा बैठका अधूनमधून होत राहिल्या. पंचायतीत महिलांचं आरक्षण नवं होतं. एक सदस्याबाई यजमानांसह आल्या आणि यजमानच बोलायला उठले, तेव्हा बाईंनी त्यांना आम्हा पोरांत बसवलं.

मत फारसं कुणाचं बदललं नाही. गुरवांची श्रद्धा तशीच राहिली, सर पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडले. पण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर तालुक्यातल्या निषेध सभेत पहिल्या रांगेत सरांशेजारी हेच गुरव बसले होते.

आज आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देवधर्म, जात, राजकारण वर्ज्य आहे. मला हे पटत नाही. भांडण त्याने थांबलेलं नाही. एकेका मताचे वेगळे ग्रुप निघालेत, एवढंच. (मी त्यातल्या दोन्हीकडे आहे!)

सध्या आमच्या शाळेचा महोत्सव चालू आहे. त्याचं उद्घाटन शाळेत सत्यनारायण घालून झालं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, सर्व धर्मांची मुलं शिकणाऱ्या शाळेत पूजा नसावी, असं माझं मत. गुरवांचे चिरंजीव समितीत आहेत, त्यांचं नेमकं उलट. समारोपाच्या दिवशी ऑर्केस्ट्राआधी तासभर सभागृह मोकळं आहे, असं कळतं. आम्ही दोघांनी ते मागितलंय. सतरंज्या आम्हीच टाकू.