हवेत बसलेल्या माणसाचा भार कुठून उतरतो?

एका हातात काठी धरून अधांतरी बसलेला साधू रस्त्यात दिसला, तर आधी खालची सतरंजी बघा. माणसाचा भार कुठल्या तरी वाटेने जमिनीवर उतरतोच, आणि इथे ती वाट काठीतून जाते.

सतरंजीखाली लोखंडी प्लेट असते. तिला वेल्ड केलेली सळई पोकळ काठीतून वर येते, मुठीपाशी वळून बाहीत शिरते आणि कपड्यांच्या आतून मांडीखालच्या बैठकीला मिळते. म्हणूनच काठीवरचा हात कधी हलत नाही. १८३०च्या सुमारास मद्रासचा शेषाल अशीच करामत दाखवायचा. चढता-उतरताना साथीदार समोर कांबळं धरायचे.

खरी गंमत सळईच्या जाडीत आहे. ६० किलोचा माणूस, बैठकीचा मध्य काठीपासून ४५ सेंमी. म्हणजे बुडाशी सुमारे २६५ न्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट (भार गुणिले अंतर, म्हणजे सळईला वाकवणारा जोर). २० मिमीच्या भरीव सळईत ताण ३३७ मेगापास्कलवर (ताण मोजायचं एकक) जातो. साधं माइल्ड स्टील २५०च्या आसपास कायमचं वाकतं, त्यामुळे ती गेलीच. २५ मिमीला ताण १७३. पण माणूस एकदम बसला तर तो दुप्पट होतो, म्हणजे तीही वाकणार. ३२ मिमी घ्यावी. प्लेटचा मोठा भाग बसणाऱ्याच्या बाजूला हवा, त्याचा गुरुत्वमध्य प्लेटच्या कडेबाहेर गेला की अख्खा सांगाडा कलंडतो. वेल्डला तडा जाऊ नये म्हणून बुडाशी तिकोनी पट्ट्या लावतात, आणि सतरंजीला फुगवटा येतो तो त्यांचाच.

पतंजलींच्या योगसूत्रांत आकाशगमनाची सिद्धी सांगितली आहे, पण त्याच विभूतिपादात (सूत्रांच्या तिसऱ्या भागात) सिद्धी समाधीतला अडथळा ठरतात असंही म्हटलं आहे. हे दुसरं सूत्र बाबा लोक सांगत नाहीत, याचं वाईट वाटतं.

आधाराला न टेकता तरंगणारी वस्तू घरी बघता येते. १० मिमीचे चार चौकोनी नियोडायमियम चुंबक स्टीलच्या पट्टीवर, दोन-दोनच्या चौकोनात, शेजारी-शेजारी उलट ध्रुव वर येतील असे चिकटवा. वर पायरोलिटिक ग्राफाइटचा (चुंबक ज्याला दूर ढकलतो अशा थराथरांच्या ग्राफाइटचा), अर्धा मिमी जाडीचा तुकडा ठेवा. तो चुंबकांच्या चौकोनापेक्षा थोडा लहान हवा. तो तरंगतो, पण जेमतेम मिलिमीटरभर. जाड तुकडा बसून राहतो, कारण उंचीबरोबर चुंबकाचा जोर झपाट्याने ओसरतो आणि वरचा थर नुसतं ओझं होतो. पेन्सिलीचं शिसं इथे सहसा चालत नाही.

आता हे सगळं बारीक मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा. मध्ये जाड लाकडी ठोकळा हवाच, नाहीतर चुंबकामुळे रीडिंग भरकटतं. तरंगत्या ग्राफाइटचं वजनही काट्यावर पुरेपूर येतं.