माशांशी बोलणारी

मी मालवणात राहते आणि मुंबईच्या एका प्रकाशकासाठी कॉमिकची पानं काढते. पेन्सिल आणि शाई माझी, रंग आणि अक्षरं तिकडे. लोकांना वाटतं मारामारी काढणं अवघड. मारामारी सोपी, अवघड असतो संवादाचा फुगा. संवाद आधी इंग्रजीत लिहितात, मी त्या मापाने जागा सोडते आणि मग मराठी येतं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात, अंतर वाढवावं लागतं, फुगा नायिकेच्या कपाळावर चढतो. आधी मराठीत लिहा, असं सांगून मी थकले.

तर नवी नायिका कोकणातली मासेविक्री करणारी. मार्केटिंगवाला मुलगा कव्हर घेऊन आला. नऊवारी काष्टा, मोठी नथ, गळाभर सोनं, आणि शक्ती कोणती, तर माशांशी बोलण्याची. अमेरिकन कॉमिकमधला समुद्रातला नायक अ‍ॅक्वामॅन ते १९४१पासून करतोय, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला कोकणची कमला खान हवीय, मॅडम."

कमला खान! अमेरिकेतल्या मार्व्हल कॉमिकची पाकिस्तानी-अमेरिकन मुस्लिम नायिका. २०१४मध्ये तिची स्वतःची मालिका निघाली, पहिल्या संग्रहाला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला, हे यांना पाठ. पण ती सुचली संपादक सना अमानत आपल्या न्यू जर्सीतल्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होती त्यातून. तिचा पोशाखसुद्धा बुर्किनीतून, म्हणजे मुस्लिम बायकांच्या अंगभर पोहण्याच्या पोशाखातून तयार झालेला, म्हणजे तिच्यासारख्या मुलीच्या कपाटात सापडेल असा. उलट २००४चा भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर: मूळ स्पायडरमॅन पीटर पार्करचीच गोष्ट, खाली धोतर. चार अंकांत आटोपला. आमचं कव्हर मला त्या धोतराच्या वाटेवर दिसत होतं.

म्हटलं, चल इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी लिलाव चालू होता. पाचवारीचा पदर कमरेला खोचलेल्या बायका बांगड्याच्या ढिगाभोवती उभ्या होत्या. त्याने कव्हर पुढे केलं.

"ह्या चेडू कोणाचा गो?" एकीने विचारलं. "लग्नाक चल्ला काय?"

शक्ती सांगितल्यावर दुसरी क्षणभर थांबली. "माशांवांगडा बोलता, मगे तेंकाच इकतली कशी?"

सगळ्या हसल्या. पटकथा चार महिने चार माणसं लिहीत होती, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. मी विचारलं, मग तिला काय यायला हवं? उत्तर लगेच आलं: ढीग बघून आत किती बर्फाचा जुना माल आहे ते कळायला हवं, आणि व्यापाऱ्याने मनात धरलेला भाव ऐकू यायला हवा. मी तिथेच वहीत टिपलं. पोरगा लिलावाचे फोटो काढत होता.

परतताना तो अमेरिकेतला व्यवहार समजावू लागला. तिकडे कॉमिकची दुकानं अंक यायच्या दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतात आणि उरलेला माल बहुतेक परत जात नाही, त्यामुळे नव्या नायकाचं कव्हर लांबूनच ओळखू यावं लागतं. खरं आहे ते. नव्या पात्राचं नशीब वाचकाने पान उलटायच्या आधीच ठरतं. ढीग न बघता बोली लावल्यासारखं. पण आपल्याकडे अशी दुकानं आहेत कुठे?

मी हे सगळं माझ्या बाजूने सांगतेय. एक गोष्ट राहिली. त्याच बायकांतल्या एकीची सातवीतली मुलगी ते कव्हर सोडत नव्हती. मी वहीतलं माझं चित्र दाखवलं, चुंबळ, खोचलेला पदर, हातात कोयता. तिने बघितलं आणि म्हणाली, "ही आमच्या आयेसारखी दिसता." मग पुन्हा नथवालीकडे वळली. "ही भारी."

पोराने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. तेवढी अक्कल आहे त्याला.

रात्री मी शक्ती बदलून आठ पानं नव्याने आखून पाठवली. सकाळी उत्तर आलं: आतलं तुमचं घेऊ, भाव ऐकण्याची कल्पना झकास, कव्हर आहे तसंच राहील. म्हणजे बाहेर नथ, आत चुंबळ. बाई तीच.

कव्हरचा कागद टेबलावर आहे. सगळं शाईत झालंय, नथ अजून पेन्सिलीतच.