कोणत्या पॅनेलचे?

डिसेंबर 2020 च्या अखेरीस, ग्रामपंचायत निवडणुकीचे अर्ज भरायच्या दिवसांत, मला एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की आज कोणी सहज विचारला तरी डोकं तापतं. ‘कोणत्या पॅनेलचे?’ ग्रामसेवकांनी विचारला, ई-सेवा केंद्रातल्या पोराने विचारला, तहसीलच्या आवारात रांगेतल्या अनोळखी माणसाने विचारला. मी कोणत्याच पॅनेलचा, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या कोणत्याच गटाचा, नव्हतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गावच्या नळपाणी योजनेची मोटर जळली की माझ्याकडेच येते. ती का जळते हेही मला ठाऊक आहे. तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर चालूच राहते, वाइंडिंग तापतं आणि काळं पडतं. स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बसवा, असं मी दोन सरपंचांना सांगून पाहिलं. मोटर जळाली की गावात चार-पाच दिवस पाणी नाही, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरीवर. एवढ्या एका कामासाठी मी सदस्यपदाला उभं राहायचं ठरवलं.

कायद्याने ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही. कमळ नाही, पंजा नाही, घड्याळ नाही, धनुष्यबाण नाही. राज्य निवडणूक आयोग मुक्त चिन्हांच्या यादीतून छत्री, कपबशी असलं चिन्ह देतो. म्हणजे माझ्यासारख्याला मैदान मोकळं, असं मी धरून चाललो होतो. गावात दोन पॅनेलं पडली. एकामागे तालुक्यातल्या एका पक्षाचा नेता, दुसऱ्यामागे दुसऱ्याचा. मुंबईत हे दोन्ही पक्ष तेव्हा एकाच सरकारात होते; आमच्या चावडीसमोर मात्र एकमेकांकडे बघत नव्हते. बॅनरवर पक्षाचं नाव नसायचं, पण साहेबांचा फोटो असायचा, आणि तेवढ्यावरून शेंबड्या पोरालाही कळायचं.

पक्ष मतदान यंत्रावर नसला तरी कागदपत्रांत कसा असतो, हे मला थकबाकीच्या दाखल्याने शिकवलं.

उमेदवाराकडे ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नसावी लागते, आणि तसा दाखला अर्जासोबत जोडतात. माझी पट्टी भरलेली होती, पावती खिशात होती. अर्ज भरायची मुदत 23 ते 30 डिसेंबर, त्यात 25, 26, 27 सुट्ट्या. म्हणजे हातात पाचच दिवस. मी 21 तारखेलाच भाऊसाहेबांकडे गेलो. (ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात.) ते म्हणाले, “दाखले तयार करून दोन्हीकडं गठ्ठ्यानं दिलेत. तुम्ही कोणत्या पॅनेलचे?”

“कोणत्याच नाही.”

“मग नंतर या. शिक्का तालुक्याला आहे.”

23 ला गेलो तर कार्यालयाला कुलूप. 24 ला भाऊसाहेब भेटले, पण दाखल्यांचं पुस्तक संपलेलं. गठ्ठ्याने दिलेले ते दाखले मी पुढे तहसीलला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, पॅनेलप्रमुखाच्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, रबर लावून ठेवलेले. काहींवर उमेदवाराच्या नावाची जागा कोरी होती. शिक्का होता, सही होती, नाव कोणाचंही घालता आलं असतं. माझ्या खिशात भरलेली पावती होती आणि मला दाखला मिळत नव्हता. इतका संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

28 ला सकाळी माझी चुलत बहीण, ती शेजारच्या तालुक्यात कारकून आहे, फोनवर म्हणाली, “दादा, तोंडी मागत बसू नकोस. दोन प्रतींत अर्ज लिही, पावतीची झेरॉक्स जोड, एका प्रतीवर अर्ज मिळाल्याचा आवक नंबर आणि सही घे. घेतली नाही तर तोच कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे दे.” मी दुकानातच अर्ज लिहिला. भाऊसाहेबांनी तो हातात घेतला, वाचला, आवक नंबर टाकला आणि ड्रॉवर उघडला. पुस्तक ड्रॉवरमध्येच होतं. दाखला लिहायला तीन मिनिटं लागली. आठ दिवस त्या तीन मिनिटांसाठी गेले होते.

आता उरलं ऑनलाइन. उमेदवारी अर्ज आणि घोषणापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचं, प्रिंट काढायची, सही करून तहसीलला द्यायची. एका वेळी राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक, म्हणजे साइटवर केवढी गर्दी ते समजून घ्या. आमच्या ई-सेवा केंद्रात दोन संगणक, आणि दोन्ही पॅनेलांनी एक-एक धरलेला. चहा, वडापाव, ऑपरेटरची रात्रीची मजुरी, सगळं वरून यायचं. ऑपरेटर पोरगा चांगला होता. म्हणाला, “आप्पा, यांचं झालं की तुमचं घेतो.” 29 च्या रात्री मी तिथे नऊपासून बाकड्यावर बसलो. थंडी होती, अंगावर आईची शाल होती. पावणेतीनला माझा नंबर लागला. नाव, यादीतला अनुक्रमांक, अपत्यं, मालमत्ता, सगळं भरलं. जतन करायचं बटण दाबलं, चाक गोल गोल फिरलं आणि पान पांढरं झालं. पुन्हा भरलं, पुन्हा पांढरं. चौथ्या वेळेला पोरगं रडकुंडीला आलं. पहाटे पाचला मी त्याला म्हटलं, तू झोप जरा.

सकाळी बाकड्यावरच कोणीतरी सांगितलं, शेवटच्या दिवशी हाताने भरलेले अर्जही घेणार आणि वेळ तीनऐवजी साडेपाचपर्यंत. आयोगाने तशी परवानगी दिली होती. मला एकदम हलकं वाटलं, पायातली शक्तीच गेल्यासारखी झाली. तहसीलला कोरे अर्ज विकत मिळत होते. एका झाडाखाली मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी सगळं हाताने लिहिलं. अक्षर एरवीपेक्षा चांगलं आलं.

रांगेत पॅनेलचा एकच माणूस अकरा जणांची जागा धरून उभा. उमेदवार गाडीत बसलेले, नंबर आला की उतरणार. माझ्यामागच्या आजींनी माझी जागा धरली म्हणून मी अनामतीचे 500 रुपये भरून येऊ शकलो. चार वाजून दहा मिनिटांनी पोच हातात पडली.

छाननी 31 ला झाली, काही आडलं नाही. हरकत घेतली गेली ती शौचालयाच्या घोषणापत्रावर; घरात संडास आहे, वापरतो, संपलं.

4 जानेवारीला माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत. आदल्या रात्री दोन्हीकडची माणसं घरी येऊन गेली. एकाने पुढच्या टर्मला पॅनेलात घेतो म्हटलं. दुसऱ्याने नळाच्या मोटरीचं काम कायम तुझ्याकडेच देऊ म्हटलं, आणि ते ऐकून बायकोने चहाचा कप उचलून आत नेला. माघारीच्या दिवशी फोन घरी ठेवा, किंवा अशा माणसाकडे द्या ज्याला नाही म्हणता येतं.

बँकेचं सांगायचं राहिलं. निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं लागतं, ते महिनाभर आधी उघडा. त्या आठवड्यात बँकेतही पॅनेलांचे गठ्ठेच होते. अकरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीला उमेदवाराची खर्चमर्यादा तेव्हा 35,000 होती. माझा खर्च सहा हजारांच्या आत झाला. आणि मतदारयादीतला क्रमांक विधानसभेच्या यादीतून उतरवू नका, ग्रामपंचायतीची प्रभागनिहाय यादी वेगळी असते.

एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर प्रचार वेगळा केला असता. आमच्या प्रभागात तीन जागा, म्हणजे प्रत्येक मतदाराला तीन मतं. पॅनेलवाले सांगतात, ‘आपली तिन्ही बटणं.’ एकट्या उमेदवाराने घरोघरी जाऊन हे समजवावं लागतं की दोन मतं हवी त्याला द्या, माझ्या जागेचं तेवढं मला द्या, मशीनमध्ये ते चालतं. हे मी शेवटच्या चार दिवसांत सांगायला लागलो. 15 जानेवारीला मतदान, 18 ला मोजणी. मला 187 मतं पडली, 41 ने हरलो. पॅनेलाची दोन बटणं दाबून तिसरं माझं दाबणारी माणसं त्यात बरीच असणार, कारण प्रभागातल्या बाकी दोन जागांवर कोणी एकटा उभाच नव्हता. त्या मतांचा मला आजही अभिमान आहे.

त्या संध्याकाळी टीव्हीवर प्रत्येक पक्ष राज्यात आपणच पहिले म्हणून सांगत होता. चिन्ह नाही, अधिकृत उमेदवार नाही, मग मोजलं कशावरून? मला ज्या कागदांनी आठ दिवस फिरवलं त्यांवरही कुठल्या पक्षाचं नाव नव्हतं.

हरलात तरी निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, नाहीतर पुढे अपात्र ठरवतात. मी पंधराव्या दिवशी दिला, पोच घेतली.

2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे पॅनेलांचा जोर वाढलाय, कमी झालेला नाही. मध्यंतरी वस्तीवरची एक मुलगी दुकानात आली. बी.एस्सी. झालीय, कोणाच्या पॅनेलात जायचं नाही म्हणाली. मी हातातलं वाइंडिंग बाजूला ठेवून कपाटातली फाईल काढली आणि तिच्यासमोर उघडली. पहिलं पान दाखवलं, दाखल्याच्या अर्जाची प्रत, कोपऱ्यात आवक नंबर आणि भाऊसाहेबांची सही. “हा अर्ज तू उद्याच दे,” म्हटलं, “निवडणूक लागायची वाट बघू नकोस.” तिने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.