विचारायचं राहिलं

आज दुपारी, परभणीच्या रणरणत्या उन्हात, काल जिच्या ओठावर वॅक्स केलं तीच क्लायंट आईला घेऊन माझ्या पार्लरात आली. तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि माझ्या पोटात गोळाच आला. ओठाच्या वर, डाव्या बाजूला, तुरीच्या डाळीएवढी साल निघालेली, भोवती लालेलाल. रविवारी साखरपुडा! "काय केलंस गं माय हे?" काकू खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं. लेकीचा चेहरा आहे, बोलणारच.

मग पोरीला विचारलं, "पिंपल्ससाठी काही लावतेस का?" तिनं पर्समधून ट्यूब काढली. अडापालीन. त्यानं वरची कातडी नाजूक होते, वॅक्सच्या पट्टीसोबत तीही निघून येते. पिंपल्सच्याच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद केल्यावरही ६ महिने वॅक्स नको. हे सगळं मला माहीत आहे, तरी काल लग्नसराईच्या गर्दीत विचारलंच नाही. चूक माझी. काकूंना तसंच सांगितलं, पैसे परत केले.

गार पाण्याची घडी ठेवली. ब्लीच, मेकअप, ऊन बंद, आणि आजच स्किनच्या डॉक्टरांना दाखव म्हणाले. (मेडिकलवरून कुणी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम तर अजिबात नको.)

संध्याकाळी तिचा फोन आला. आग कमी झालीय म्हणाली.